‘घरगुती’ म्हणून परत आलेली पेटी

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीपूर्वीची आवराआवर सध्या घरोघरी सुरू आहे, माळ्यावरच्या पेट्या खाली उतरत आहेत आणि रद्दीवाल्याची हातगाडी आमच्या गल्लीत दिवसातून दोनदा फिरते आहे, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिणे मला आवश्यक वाटले. गेल्या महिन्यात मी माझ्या दिवंगत आत्याची पत्र्याची पेटी घेऊन जुने कागद सांभाळणाऱ्या एका संस्थेत गेले होते. पेटीत माझ्या आजीने नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यातून अमरावतीला दिलेल्या आपल्या लेकीला १९४८ ते १९७१ या काळात लिहिलेली चारशेच्या वर पोस्टकार्डे आणि आंतर्देशीय पत्रे आहेत. तिथल्या अधिकाऱ्यांनी पाच-सहा पत्रे चाळली आणि सौजन्यानेच सांगितले, ‘‘बाई, ही घरगुती पत्रे आहेत. डाळीचे भाव, बाळंतपणे, कोणाकडे कोण आले नि कोण गेले. यात इतिहासाचे काही नाही.’’ पेटी मी रिक्षातून परत आणली. त्या गृहस्थांवर माझा राग नाही, परंतु त्यांचे म्हणणे चूक आहे असे मला मनापासून वाटते, आणि महाविद्यालयात तीस वर्षे इंग्रजी शिकवताना ज्या पत्रांशी माझा निकटचा संबंध आला, त्यांच्याच आधाराने ते का चूक आहे हे आपल्या वाचकांपुढे मांडण्याची अनुमती मागते.

इंग्लंडमध्ये १७१४ पासून १८३० पर्यंत जॉर्ज नावाचे चार राजे एकामागून एक गादीवर आले, म्हणून त्या काळाला जॉर्जियन काळ म्हणतात. आपल्याकडे याच काळात पहिल्या रघूजी भोसल्यांनी नागपूरचे राज्य उभे केले आणि याच काळाच्या उत्तरार्धात, १८१७ च्या नोव्हेंबरात, सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई होऊन ते राज्य इंग्रजांच्या कह्यात गेले. त्या शंभर-सव्वाशे वर्षांत इंग्लंडच्या स्त्रियांना मताधिकार नव्हता, विद्यापीठाची दारे बंद होती आणि विवाहितेला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवणेही कायद्याने जवळजवळ अशक्य होते. सरकारी दप्तरांत, लष्करी खलित्यांत, संसदेच्या इतिवृत्तांत त्या क्वचितच भेटतात. त्या भेटतात त्यांच्या पत्रांत, आणि तिथे इतक्या भरभरून भेटतात की त्या काळच्या इंग्रजी घरात किती वाजता जेवत, आजाऱ्याला काय देत, मोलकरीण का सोडून गेली आणि दुखवट्याचे कपडे कुठल्या कापडाचे असत, हे आज अभ्यासक ठामपणे सांगू शकतात.

या पत्रांचे रूप समजून घ्यायचे तर आधी टपालाची रीत सांगितली पाहिजे. तेव्हा टपालाचा खर्च बहुधा पत्र घेणाऱ्यावर पडे, आपल्याकडच्या नॉटपेड पत्रासारखा, आणि तो अंतरावर व कागदांच्या संख्येवर ठरे. १८१२ च्या दरांनुसार पंधरा मैलांच्या आतल्या एका कागदाच्या पत्राला चार पेन्स पडत, दोन कागद झाले की दर दुप्पट होई. पाकीट हाही एक कागदच धरला जाई, म्हणून पत्राच्याच कागदाची घडी घालून ती लाखेने बंद करीत आणि पत्ता बाहेरच्या अंगावर लिहीत. जागा संपली की कागद आडवा फिरवून आधी लिहिलेल्या ओळींवरूनच काटकोनात पुन्हा ओळी लिहिल्या जात, आणि वाचणारीला ती जाळी उलगडावी लागे. संसद सदस्यांचे टपाल विनामूल्य जाई, त्यामुळे नात्यातला एखादा सदस्य पत्त्यावर सही करून देणारा असेल तर त्या दिवशी बायका भरघोस पत्र लिहीत. देशभर एक पेनीचा समान दर आला तो १० जानेवारी १८४० रोजी, म्हणजे हा काळ संपल्यानंतर. बहिणीने पाठवलेल्या पत्रासाठी बहिणीला पैसे मोजावे लागणार, या जाणिवेने लिहिलेले ते पत्र असे. त्यामुळे मोजलेल्या पैशांचे चीज होईल इतकी बातमी त्यात असणे हे लिहिणारीचे कर्तव्यच मानले जाई. आलेले पत्र बहुतेक वेळा घरात मोठ्याने वाचून दाखवीत, शेजारीही ऐकायला बसत. माझ्या आजीनेही पोस्टकार्डाचा एकही समास कधी कोरा सोडला नाही. पत्त्याच्या बाजूची अर्धी जागा भरून झाल्यावर ती कार्ड उलटे धरून वरच्या कडेला ‘ता. क.’ लिहीत असे, आणि पोस्टमनने ते वाटेत वाचले असणार हे गृहीत धरूनच लिहीत असे.

आता एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मनात या विषयाची गाठ पहिल्यांदा त्यानेच बसली. जेन ऑस्टिन ही कादंबरीकार म्हणून सर्वांना ठाऊक आहे. तिची सुमारे १६० पत्रे आज उपलब्ध असून त्यांतली बहुतेक थोरली बहीण कॅसांड्रा हिला लिहिलेली आहेत. १८०८ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या भावाची, एडवर्डची, पत्नी एलिझाबेथ अकराव्या बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत वारली. कॅसांड्रा त्या वेळी केंट परगण्यात भावाच्याच घरी होती आणि जेन साउथॅम्प्टनला. वहिनी गेल्याचे कळल्यावर जेनने जी पत्रे लिहिली त्यांत शोक आहेच, पण त्याच पत्रांत दुखवट्याचा पोशाख बाँबझीन आणि क्रेप या कापडांचा करायचा आहे हेही आहे. पुढे विंचेस्टरच्या शाळेतले दोन भाचे, एडवर्ड आणि जॉर्ज, साउथॅम्प्टनला आजीकडे आले, तेव्हा त्या आईवेगळ्या मुलांचे मन कशात गुंतवायचे, हा प्रश्न या अविवाहित आत्यापुढे उभा राहिला. तिने कॅसांड्राला कळवले की मुले काड्या उचलण्याचा खेळ, चेंडू झेलण्याचा खेळ, कोडी आणि पत्ते खेळत आहेत, आणि जॉर्ज कागदाची जहाजे करून त्यांना नावे देतो नि मुद्दाम बरोबर आणलेल्या चेस्टनटच्या फळांनी त्यांच्यावर मारा करतो. वर्गात हे वाचून दाखवताना मला दर वर्षी थांबावे लागे. अकरा लेकरांची आई बाळंतपणानंतर जाते, ही त्या काळच्या स्त्रीजीवनाची केवढी मोठी बातमी आहे, आणि ती कोणत्याही अहवालाशिवाय, कागदाच्या जहाजांसकट आपल्यापर्यंत पोहोचते.

आणि भाव? ज्या डाळीच्या भावांमुळे माझी पेटी परत आली, तसले भाव या पत्रांत पानोपानी आहेत. १७९९ च्या जूनमध्ये जेन बाथ या शहरात होती, तेव्हा टोपीवर कृत्रिम फळे लावण्याची तिथे चाल पडली होती. एका आलुबुखाऱ्याला तीन शिलिंग पडतील आणि द्राक्षांना वा चेरीला पाचएक, असे ती बहिणीला कळवते, आणि काही दिवसांनी लिहिते की डोक्यातून फळे उगवण्यापेक्षा फुले उगवणे तिला अधिक स्वाभाविक वाटते. १८०८ मध्ये, स्पंज केकची खरेदी आपल्याला किती जिव्हाळ्याची आहे हे तुला ठाऊकच आहे, असे ती लिहिते. १८१३ च्या सप्टेंबरमध्ये भाच्यांना लंडनच्या दंतवैद्याकडे नेल्याचा आणि त्यांतल्या एकीचे दोन दात काढल्याचा वृत्तांत येतो. १८१४ च्या मार्चमध्ये चहा महागल्याची तक्रार येते. फ्रान्सशी चाललेल्या प्रदीर्घ युद्धाचे परिणाम मध्यमवर्गीय घरातल्या चहाच्या डब्यापर्यंत, मलमलीच्या गजापर्यंत कसे झिरपत होते, हे कळण्यासाठी अशा नोंदींहून विश्वासू साधन क्वचितच मिळते, कारण त्या लिहिताना कोणावर छाप पाडायची नव्हती.

या पत्रांतल्या आरोग्याच्या नोंदींचे मोल तर याहूनही मोठे आहे. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू हिचा पती तुर्कस्तानात इंग्लंडचा राजदूत होता. तिचा भाऊ देवीने गेला होता आणि तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. १ एप्रिल १७१७ रोजी एड्रियानोपलहून तिने मैत्रिणीला लिहिले की इथे सप्टेंबरात, उन्हाळा ओसरला की, घरची माणसे एकत्र जमतात, एक म्हातारी अक्रोडाच्या करवंटीत देवीच्या फोडांतली लस घेऊन येते, सुईने शीर उघडून ती आत सोडते, आणि थोड्या दिवसांच्या तापानंतर मुले पुन्हा खेळायला लागतात. पुढच्याच वर्षी तिने आपल्या मुलाला तिथे टोचून घेतले आणि १७२१ मध्ये लंडनला मुलीलाही. एडवर्ड जेनर या इंग्रज वैद्याची, गाईंच्या देवीपासून केलेली लस यानंतर पंचाहत्तर वर्षांनी, १७९६ मध्ये आली, आणि ती हिंदुस्थानात पहिल्यांदा टोचली गेली १४ जून १८०२ रोजी मुंबईत, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. ज्यांच्या दंडावर देवी काढल्याची खूण आहे अशा माझ्या पिढीच्या वाचकांनी एवढे लक्षात घ्यावे की या साऱ्या प्रवासातला एक महत्त्वाचा कागद म्हणजे एका बाईने मैत्रिणीला लिहिलेले पत्र आहे.

फॅनी बर्नी या लेखिकेचे पत्र मी विद्यार्थ्यांना कधीच पूर्ण वाचून दाखवू शकले नाही. ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये तिच्या स्तनावर शस्त्रक्रिया झाली. भूल देण्याचे औषध तेव्हा नव्हते, तिला फक्त मद्यार्काचा एक घोट देण्यात आला होता. शस्त्रक्रिया करणारा लारे हा नेपोलियनच्या सैन्याचा प्रसिद्ध शल्यविशारद होता. आपल्या आजाराची बातमी कानगोष्टींनी जाण्याऐवजी आपल्याच शब्दांत जावी म्हणून तिने थोरली बहीण एस्थर हिला सारे सविस्तर लिहिले, आणि ते लिहून पूर्ण करायला तिला कित्येक महिने लागले, कारण मागे वळून पाहण्याचे धैर्य तिच्यात पुनःपुन्हा गोळा करावे लागत होते. त्यानंतर ती अठ्ठावीस वर्षांहून अधिक जगली. वैद्यकाच्या इतिहासात रुग्णाच्या बाजूने लिहिलेला असा पुरावा फार थोडा आहे, आणि तो घरगुती पत्रात आहे.

मेरी डिलेनी हिच्याविषयी थोडक्यात लिहिते. सतराव्या वर्षी तिला साठीच्या जवळ पोहोचलेल्या गृहस्थाला दिले गेले. आपल्याकडे ज्याला जरठ-कुमारी विवाह म्हणत, तोच हा प्रकार, आणि त्या संसाराची हकिगत तिने पुढे मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांत सांगितली आहे. बहिणीला लिहिलेल्या पत्रांत तिने दरबारातल्या पोशाखांची अशी वर्णने केली आहेत की वस्त्रांचे अभ्यासक आजही त्यांकडे वळतात. १७४१ मधल्या एका पत्रात एका डचेसच्या पांढऱ्या साटिनच्या घागऱ्यावर भरतकामाने काढलेल्या तपकिरी टेकड्या, रानगवत आणि झाडांची जुनी खोडे तिने एकेक करून टिपली आहेत.

हिंदुस्थानात आलेल्या बायकांनीही लिहिले. एलायझा फे ही वकील पतीबरोबर निघाली, १७७९ मध्ये कालिकत येथे हैदरअलीच्या माणसांनी त्या उतारूंना कैदेत टाकले, आणि सुटका होऊन १७८० मध्ये ती कलकत्त्याला पोहोचली. तिथून तिने घरी कळवले की भर उन्हात दोन वाजता जेवतात, ताटात सूप, भाजलेली कोंबडी, करी-भात आणि मटण भरून भाजलेला ‘पाय’ (pie) हा पदार्थ असतो, अख्खी मेंढी दोन रुपयांना आणि कोकरू एक रुपयाला मिळते. इंग्रजांच्या कलकत्त्याविषयी तेव्हाचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याच्या दप्तरातून पुष्कळ कळते, मात्र तिथल्या जेवणाचे ताट एलायझाच्या पत्रात आहे. तिची पत्रे तिच्या मृत्यूनंतर १८१७ मध्ये कलकत्त्यातच छापली गेली. त्याच वर्षीच्या जुलैत जेन ऑस्टिन वारली आणि नोव्हेंबरात सीताबर्डीला तोफा डागल्या गेल्या. दुसऱ्या रघूजींच्या पत्नी बाकाबाई यांच्याविषयी आपण जे वाचतो त्यातला बराच भाग इंग्रज रेसिडेंटच्या कागदांतून आलेला असतो. त्या आठवड्यात महालातल्या एखाद्या गृहिणीने माहेरी लिहिलेले पत्र माझ्या तरी पाहण्यात नाही. पेशव्यांच्या घरातल्या गोपिकाबाईंनी नातवाला, सवाई माधवरावाला, लिहिलेले उपदेशाचे पत्र टिकले, कारण ते राजघराण्याचे होते आणि दप्तर सांभाळणारे कारकून होते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. वर ज्यांची नावे आली त्या साऱ्या लिहिता-वाचता येणाऱ्या, बऱ्यापैकी घरच्या स्त्रिया होत्या. त्यांच्या पत्रांत मोलकरीण येते ती नोकरीवर लागल्याची, आजारी पडल्याची किंवा निघून गेल्याची बातमी म्हणून, स्वतःच्या आवाजात येत नाही. पण गरिबांच्याही लेखणीचा माग लागला आहे. इसेक्स परगण्यात १७३१ ते १८३७ या काळात गरीब स्त्री-पुरुषांनी आपल्या मूळ गावच्या चर्चच्या परिसरातील मदत-अधिकाऱ्यांना लिहिलेली शेकडो पत्रे सापडली आहेत. भाडे थकले आहे, मूल आजारी आहे, नवरा काम शोधायला गेला तो परतला नाही, असे कानाला ऐकू येईल त्या अक्षरांत लिहिलेले ते कागद आहेत. खर्चाच्या पावत्यांबरोबर कोणीतरी ते बांधून ठेवले, फेकले नाहीत, एवढ्यानेच ते राहिले.

माझ्या आजीच्या पेटीतही हीच जागा दुखरी आहे. १९५६ च्या ऑक्टोबरात तिने आत्याला लिहिले आहे की दसऱ्याच्या सुमारास शहरात पांढरी वस्त्रे नेसलेल्या माणसांची रीघ लागली होती, वाड्यात कामाला येणाऱ्या बाई तीन दिवस आल्या नाहीत, आल्या तेव्हा त्यांच्या बोलण्यात वेगळाच ताठा होता आणि देव्हाऱ्याजवळ जायला त्यांनी नकार दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबरला नागपुरात जी दीक्षा दिली, तिचा असा पडसाद एका ब्राह्मणी वाड्यातल्या पोस्टकार्डावर उमटला आहे. आजीला त्या बदलाचा अर्थ पुरता उमगलेला नव्हता, हे तिच्या शब्दांतूनच दिसते, आणि म्हणूनच ते कार्ड मला मोलाचे वाटते. त्या बाईंनी त्या तीन दिवसांविषयी कोणाला लिहिले किंवा लिहवून घेतले असेल, तर ते पत्र त्यांच्या नातवंडांच्या घरी, उत्तर नागपुरात कुठेतरी, एखाद्या पिशवीत असू शकेल. ते तर माझ्या आजीच्या पत्रांच्या आधी जपले गेले पाहिजे. दीक्षेनंतर अडीचच आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला, नागपूरचे राजधानीपण गेले. त्याविषयी वर्तमानपत्रांचे अग्रलेख उपलब्ध आहेत. आजीच्या पत्रात मात्र समोरच्या बिऱ्हाडातील यजमानांची मुंबईला झालेली बदली आहे, त्यांनी विकायला काढलेले शिसवी कपाट आहे, आणि मुंबईच्या खोलीत मावणार नाही म्हणून आमच्या अंगणात आणून ठेवलेले त्यांचे तुळशीवृंदावन आहे.

पत्रे नष्ट होण्याला रद्दीवाला एकटाच जबाबदार नसतो. कॅसांड्राने आपल्या उतारवयात जेनची बरीचशी पत्रे स्वतःच्या हाताने जाळली आणि काही भाच्यांना वाटून दिली. त्यातले खासगी दुःख परक्यांच्या हाती पडू नये ही तिची इच्छा समजण्यासारखी आहे. आपल्याकडेही निधनवार्तेच्या कार्डावर ‘हे पत्र वाचून फाडून टाकावे’ असे लिहीत आणि ते घरात न आणता उंबऱ्याबाहेरच फाडीत. ज्या घरांना पत्रांतल्या गोष्टी उघड व्हायला नको असतील त्यांच्या भावनेचा मान राखलाच पाहिजे. परंतु अमुक वर्षांपर्यंत उघडू नये, नावे झाकून वापरावीत, अशा अटींवर कागद स्वीकारण्याची पद्धत जगभर रूढ आहे आणि ती इथेही सहज पाळता येईल.

म्हणून आपल्या वृत्तपत्रामार्फत मी नागपुरातील जुनी वाचनालये, विद्यापीठाचा इतिहास विभाग आणि संशोधन संस्था यांना विनंती करते की स्त्रियांनी लिहिलेली कौटुंबिक पत्रे स्वीकारण्यासाठी एखादा कोपरा, एक कपाट आणि एक नोंदवही त्यांनी ठेवावी. मूळ कागद ठेवायला जागा नसेल तर निदान त्यांची छायाचित्रे घेऊन ती घरच्यांना परत द्यावीत. ज्यांच्या घरी अशी पत्रे आहेत त्यांनी कृपया त्यांना लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये, टाचण्या काढून टाकाव्यात आणि नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याची पेटी गच्चीलगतच्या खोलीत ठेवू नये. आंतर्देशीय पत्राचा पत्ता लिहिलेला भाग अनेक जण कापून टाकतात, तसे मुळीच करू नये. आमच्या आज्या नुसती तिथी लिहीत, ‘श्रावण शुद्ध पंचमी’ एवढेच, वर्ष कधी लिहीत नसत, आणि ते वर्ष केवळ टपालाच्या शिक्क्यावर सापडते. जेनच्या पत्रांचेही तेच आहे. नुसता वार लिहिलेल्या पत्राची तारीख ठरवायला शिक्का आणि कागदातले जलचिन्ह उपयोगी पडते. पत्रात आलेली ‘बेबी’, ‘ताई’, ‘आप्पा’ ही माणसे कोण, हे सांगणारी वडीलधारी माणसे घरात असतील तर त्यांना विचारून वेगळ्या कागदावर पेन्सिलीने उतरवून ठेवावे. हे काम या दिवाळीतच करावे, कारण ती माणसे याच सुट्टीत एकत्र येतात.

आत्याची पेटी सध्या माझ्या खोलीत खाटेखाली आहे. चारशे अठरा पत्रांपैकी दोनशे साठ पत्रांची सूची मी केली आहे. तारीख, शिक्का, उल्लेख झालेल्या व्यक्ती आणि विषय असे चार रकाने त्यात आहेत. एखादी संस्था ती स्वीकारणार असेल तर उरलेली सूची पूर्ण करून मी स्वतः पोहोचती करीन, आणि दुसऱ्या कोणाच्या घरची पत्रे लावायची असतील तर आठवड्यातून दोन सकाळी तिथे येऊन बसेन.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका
धंतोली, नागपूर